‘हार्ड-वर्किंग’चा कौल

गोव्याच्या मुक्तीनंतरच्या दहा-अकरा वर्षांत आमच्या वडखोल गावात दोन गोष्टी मुबलक झाल्या, लाल धूळ आणि नोकरीचे अर्ज. धूळ पाळी गावाकडच्या खाणींवरच्या ट्रकांमागून यायची आणि अर्ज त्याच खाणींकडे जायचे. धुळीला कुणाची शिफारस लागत नसे. अर्जाला लागायची, आणि तीही इंग्रजीत.

इंग्रजी गावात एकट्या माझ्याकडे. पाखल्यांच्या काळात, म्हणजे पोर्तुगीज होते तेव्हा, मी बेळगावला मामाकडे राहून मॅट्रिक झालो आणि परत येऊन गावातच मराठी शाळेचा मास्तर झालो. माझ्या ट्रंकेत माझ्या बेळगावच्या हेडमास्तरांनी मला निघताना दिलेला दाखला होता. त्यात कामाची ओळ एकच. हा तरुण प्रामाणिक, हार्ड-वर्किंग आणि घरंदाज आहे. कुणी अर्ज घेऊन आला की मी ती ओळ तशीच उतरवायचो आणि नाव तेवढं बदलायचो.

‘प्रामाणिक’ लिहिताना माझा हात कधी अडखळला नाही, कारण आमच्या गावात चोरण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं. ‘घरंदाज’ न लिहून सांगता कुणाला? दुसऱ्या दिवशी त्याची चुलती दारात उभी राहिली असती. राहिला मधला शब्द. तो लिहिताना मी डोळे किंचित मिटून घ्यायचो. माणूस गरजू आहे, देवाचं लेकरू आहे, एका शब्दाने त्याची चूल पेटत असेल तर आपलं काय जातं? असं करता करता गावात त्या कागदाचं नावच पडलं. लोक सरळ येऊन म्हणायचे, “मास्तर, माका एक हार्ड-वर्किंग होया.” जणू पदेराकडे पाव मागताहेत.

मग एके दिवशी खाणीवरून एक जाड पाकीट आलं.

आत मीच लिहिलेले अकरा दाखले सुतळीने बांधलेले, आणि वर नव्या ऑफिसरचं पत्र. हे साहेब बेळगावकडचे, माणसं नेमण्याचं काम त्यांच्याकडे आलेलं. मराठी झकास लिहायचे. ‘आपल्या गावात आळशी माणूस एकही नाही हे वाचून मन भरून आले. तथापि आपले तीन हार्ड-वर्किंग उमेदवार मंगळवारी भरदुपारी ट्रकच्या सावलीत निजलेले सापडले. चौथ्याला त्यांना उठवायला पाठवले, तो तिथेच निजला. यापुढे हा शब्द आपण विचार करून लिहावा. आणखी एक खोटा निघाला तर वडखोलचा कागद आम्ही घेणार नाही.’

मी ते पत्र जनेलाच्या उजेडात नेऊन दोनदा वाचलं. कान गरम झाले. बायकोला, सुमंगलेला, वाचून दाखवलं नसतं तर बरं झालं असतं.

“बरां केल्यान,” ती सुपाने तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली. “मी पहाटे चार वाजल्यापासून उभी आसंय. माका तुमी कधी तो शब्द लिवन दिलास?”

“तुला कुठे नोकरी करायची आहे?”

“म्हणजे काम करता तेका नाय, नोकरी होयी तेका तो शब्द. खाणीर पाट्ये व्हावतत त्या बायलांका कोणी विचारलां, तुमी हार्ड काय सॉफ्ट?”

इतकी वर्षं मुलांना विशेषणं शिकवली, पण विशेषण कुणाला मिळतं नि कुणाला मिळत नाही, हे व्याकरण सुपातून पाखडलं जाताना पहिल्यांदा ऐकलं.

आणि नेमकी त्याच संध्याकाळी सत्यवती आली. आमच्या तिठ्यावर गोकुळदासाचं चहाचं दुकान आहे ना, त्याची मुलगी. माझ्या शाळेत चौथीपर्यंत पहिली, पुढे डिचोलीच्या हायस्कुलात. तिच्यामागे चार पावलांवर सगुण. सगुण अंगणात तुळशीपाशी थांबला, सत्यवती सरळ ओसरीवर.

“मास्तर, सगुणाक कागद होयो. शनिवारच्या आत.”

“कसला?”

“खाणीच्या फाटकार मनीस घेतत. ट्रक किती भायर गेले, किती परत इले, तां टिपूचां. सगुण सातवी पास आसा. बाबान सांगलां, हेका काम मेळालां तर लगीन, नाय तर ह्या म्हयन्यात म्हापशाचो जागो पक्को करतंय.”

“म्हापशाचा जागा म्हणजे?”

“कापडाचा दुकान आसा तेंचा. तेंका तीन दात सोन्याचे,” सत्यवती म्हणाली. “माका हसान दाखयल्यानी.”

म्हणजे गोष्ट स्पष्ट होती. दाखला, मग नोकरी, मग लग्न. दाखला नसेल तर सोन्याचे तीन दात.

आता सगुण कोण, ते सांगायला हवं. वय सव्वीस. देहाने धट्टाकट्टा, स्वभावाने गूळ. पण काम? नारळ पाडायला माडावर चढवला तर वर जाऊन बसला. खालून मालक ओरडतोय, हा वरून सांगतोय, “मांडवी कशी दिसता बगा!” मालकाला मांडवी कशी दिसणार, तो खाली. भाताच्या राखणीला ठेवला तर पाखरं याच्या खांद्यावर बसली. एका पदेराने पाव वाटायला ठेवला होता, तर पहिल्याच घरात कुणीतरी नळराजाची गोष्ट काढली. बाकीच्या वाड्याने त्या दिवशी पावाशिवाय चहा प्यायला.

तरी मला तो आवडायचा, कारण देवळातल्या कीर्तनाला माझ्या शेजारी बसायचा. मी पूर्वरंगाला कधीमधी डुलकी काढतो, कबूल करतो, निरूपण जरा शास्त्राच्या अंगाने गेलं की माझी मान पुढे येते. सगुणाची कधी आली नाही. बुवांनी कुठल्या ओवीला कुठे श्वास घेतला, तेही तो दुसऱ्या दिवशी सांगायचा.

पण म्हणून त्याला हार्ड-वर्किंग म्हणायचं?

“उद्या बघू,” मी म्हणालो.

“मास्तर, सगळ्यांका दिलास,” सत्यवती म्हणाली. “शांतेच्या घोवाक दिलास. तो तर बसूक सुद्धा आळशी, आडवोच आसता.”

तुळशीपाशी सगुण हसला. मग म्हणाला, “गे, मास्तरांका तरास दी नको. तेंका पटात तर देतले.”

त्याने आग्रह केला असता तर मी त्याला झटकलं असतं. त्याने मलाच मोकळं सोडलं आणि मी अडकलो.

रात्री जेवण गोड लागलं नाही. खोटं लिहावं, तर हे दाखवून देणारा साहेब तिथे बसलेला, आणि उद्या गावातल्या खऱ्या कष्टाळू पोराचाही कागद परत येणार. खरं लिहावं, तर सगुणाचं लग्न मोडणार. हेडमास्तर सांगायचे, हार्ड आणि वर्किंग यांच्यामधली ती आडवी रेघ म्हणजे बैलांचं जू. हार्ड एकटा सोडलास तर दगडापुढे जाऊन उभा राहतो, वर्किंग एकटं सोडलंस तर चालू घड्याळापुढे. दोघांना जुंपलंस तरच माणसाच्या दारात गाडी उभी राहते. मी अकरा दारांत गाडी उभी केली होती आणि बैल एकीलाही जुंपलेले नव्हते.

माघातल्या जत्रेचे दिवस होते, म्हणून पेडण्याकडचे अनंतबुवा कीर्तनाला आलेले, देवळाच्या अग्रशाळेत उतरलेले. सकाळी त्यांच्याकडे गेलो. बुवा कदेलावर बसून गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या करत होते.

“बुवा, हार्ड-वर्किंग कुणाला म्हणावं?”

बुवांनी गुळणी टाकली. “हे बघ मास्तर, काल मी तीन तास उभा राहून गायलो. सगुण तीन तास बसून ऐकत होता. कष्ट कुणाचे जास्त?”

“तुमचे.”

“माझं गाणं तू नीट ऐकलेलं दिसत नाहीस,” बुवा म्हणाले, आणि पुन्हा तोंडात पाणी घेतलं.

हसत हसत मी बाहेर आलो, पण उत्तर घेऊन आलो नाही. समोर देवीचा गाभारा. आणि तिथे मला ती शक्कल सुचली. शक्कल कसली, पळवाट. आमच्याकडे विहीर कुठे खणावी, सोयरीक करावी की नको, बांधावरचं आंब्याचं झाड कुणाचं, हे माणसांत सुटेना की सातेरीला कौल लावतात. गुरव देवीच्या अंगावर पिटकुळीच्या कळ्या पाण्याने चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. कळी उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. मी म्हटलं, या शब्दाचाही कौल लावू. आई मायाळू आहे, उजवा देईल. मग साहेबाने विचारलंच तर सांगता येईल की शब्द माझा नाही.

मास्तराने इंग्रजी शब्दाला कौल लावलाय ही बातमी आंघोळीच्या पाण्यापेक्षा लवकर तापली. शुक्रवारी सकाळी नऊला चौकात पन्नास माणूस. पुढे गोकुळदास, दुकान बंद ठेवून आलेला. भावी जावयाला देवी नाही म्हणते ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. जे अकरा दाखले परत आले त्यांतले सहाजणही हजर. त्यांना भीती, की देवी बोलायला लागली तर मागचंही काढील.

शंभू गुरवाने कळ्या लावल्या. डाव्या-उजव्या सारख्या, ओळीने. मग माझ्याकडे वळला.

“मास्तर, गाऱ्हाण्यात सांगू काय? हार्ड म्हणजे?”

“कठीण.”

“आणि वर्किंग?”

“काम करणारा.”

“म्हणजे कठीण काम करणारो.”

“तसं नाही रे शंभू. काम कठीण असायला नको. करणं नेटाचं हवं. रोज, न सांगता.”

“मगे तो बैल.”

चौक हसला. मागून कुणीतरी म्हणालं, “बैलाक मास्तरान अजून दाखलो दिवक नाय!”

“आणि देवीक इंग्लीश कळतलां?” गोकुळदासाने विचारलं.

“पाखल्यांचां पुर्तुगेज कळलां, तिका इंग्लीश कळाचां नाय?” शंभू तापला. “तिका सगळां कळता. माका सांगूक येवक होयां, म्हणून विचारतंय.”

मग त्याने पंचा कमरेला घट्ट केला, हात जोडले आणि खणखणीत सुरुवात केली. “गे माये सातेरी! ह्या गावाची तू धनीण!”

“व्हय महाराजा!” चौकातून एकच आवाज.

“आज सगुणान तुझ्या पायांकडे गाऱ्हाणां घातलां आसा. मास्तर तेच्या कागदार एक शब्द घालूक भियेता!”

“व्हय महाराजा!” यात जोर जरा जास्तच होता.

“तो शब्द म्हणजे असो, माये. जो मनीस अंग राखून काम करिना, सांगल्याबिगर करता, आणि केल्यार गावभर सांगत भोंवना! तो शब्द सगुणाक शोभता जाल्यार उजवी दी. शोभना जाल्यार डावी दी. घोळात ठेवू नको!”

“व्हय महाराजा!”

शेवटची अट माझ्या दाखल्यात नव्हती. ती शंभूने आपल्या पदरची घातली. पण अर्थ असा कुणी मलाही कधी समजावला नव्हता. बेळगावच्या डिक्शनरीत तर नक्कीच नव्हता.

आणि आम्ही वाट बघू लागलो.

एरवी पाव तासात कळी पडते. त्या दिवशी अर्धा तास झाला, तास झाला. देवीच्या अंगावर कळ्या शिवल्यासारख्या. शंभूने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, या वेळी थोडक्यात. नाही. साडेदहाला त्या सहाजणांतले दोघे हळूच उठले. “भाताक पाणी लावूचां आसा” म्हणाले. अकराला गोकुळदास चुळबुळायला लागला. तिठ्यावरून ट्रकांचे भोंगे ऐकू येत होते, आणि प्रत्येक भोंग्याला त्याला वाटत होतं, की तो त्याच्या बंद दुकानासाठीच वाजतोय.

“देवी विचार करता,” तो उठत म्हणाला. “तिकाय पटना दिसता.” आणि गेला.

साडेअकराला शंभूला वरच्या वाड्यावरच्या ब्राह्मणदेवाची पूजा. “कळी पडल्यार कोणाक हात लावूक दिवू नका,” असं मला बजावून तोही गेला. सत्यवतीला घरून हाक आली. ती दोनदा मागे वळून बघत गेली. बाकीचेही एकेक करून पांगले. चौकात उरलो मी आणि सगुण. मी खांबाला टेकलो. सगुण गाभाऱ्यासमोर मांडी घालून, हात मांडीवर, डोळे देवीवर.

मी काय केलं ते सांगतो. मी झोपलो.

“मास्तर. ओ मास्तर.”

डोळे उघडले तर ऊन चौकातून सरकून पायरीवर गेलेलं. सगुण माझ्या खांद्याला हात लावून बसलेला.

“उठा. पडलो कौल.”

“काय पडला?”

“डावो.”

मी धडपडत गाभाऱ्याशी गेलो. डावीकडची वरची कळी देवीच्या पायाशी पडलेली. उजव्या सगळ्या जागच्या जागी. 

“किती वाजले?”

“एक वाजून गेलो आसतलो. तुमी बारापासून घोरी होतात.”

“म्हणजे पडली तेव्हा तू एकटाच बघत होतास?”

“व्हय.”

“आणि नऊपासून एकदाही उठला नाहीस?”

“उठलंय कसो? मी उठलंय आणि तेवड्यात पडली तर?”

मग माझ्यातल्या सैतानाने तोंड उघडलं. “अरे सगुणा, मी झोपलो होतो, शंभू नव्हता, कुणी नव्हतं. उजवी पडली म्हणून सांगितलं असतंस, बोटाने एक कळी इकडची तिकडे केली असतीस, तर कुणाला कळलं असतं?”

सगुणाला आधी प्रश्नच समजला नाही. मग त्याने गाभाऱ्याकडे मान केली आणि जरा लाजून म्हणाला, “तिणी बगल्यान मां.”

एवढंच बोलला आणि टोपी डोक्यावर ठेवून घरी जायला निघाला. लग्न मोडलेल्या माणसासारखा नाही, कीर्तन संपलेल्या माणसासारखा. दारात थांबून म्हणाला, “सत्यवतीक तुमीच सांगा. माज्यान सांगवचां नाय.”

सत्यवतीला मी सांगितलं नाही. घरी आलो, मेजावर कागद ओढला आणि ट्रंकेतला तो जुना दाखला ट्रंकेतच राहू दिला. देवीने मला शब्द लिहू नको म्हटलं होतं. बाकीचा कागद कोरा ठेव म्हटलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या स्वतःच्या इंग्रजीत दाखला लिहिला. स्पेलिंगांची हमी देत नाही. मजकूर असा होता:

‘सगुण हार्ड-वर्किंग नाही. याबद्दल मी आमच्या ग्रामदेवीचा निर्णय घेतला असून तो त्याच्या विरुद्ध गेला आहे. त्या निर्णयाची वाट बघत तो चार तास एका जागी, एका कळीकडे बघत बसला. तेवढ्यात पन्नास माणसं निघून गेली आणि मी झोपलो. निर्णय आपल्या विरुद्ध लागलेला त्याने एकट्याने पाहिला आणि मला उठवून तो सांगितला. याहून अधिक मला काही ठाऊक नाही.’

सुमंगलेने मराठीतून ऐकलं आणि सूप खाली ठेवलं. “हां,” ती म्हणाली. “ह्यो कागद.”

शनिवारी सकाळी सगुणाला घेऊन एका ओळखीच्या ट्रकमधून खाणीवर गेलो. पत्र्याचं ऑफिस, आत टेबलाआड बेळगावचे साहेब. चष्मा, बारीक मिशी, आणि कानावर लाल पेन्सिल तयार. वडखोल हे नाव ऐकताच त्यांनी ती पेन्सिल कानावरून काढून घेतली.

“या मास्तर. आज किती आणलेत हार्ड-वर्किंग?”

“आज एकही नाही, साहेब.”

त्यांनी कागद वाचला. वाचता वाचता मिशी हलायला लागली. मग पुन्हा वरपासून वाचला. मग सगुणाकडे बघितलं.

“चार तास? एका कळीकडे?”

“व्हय.”

“कंटाळा नाही आला?”

“कसलो?” सगुणाने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

साहेब माझ्याकडे वळले. “मास्तर, या फाटकावर मी आजवर पाच माणसं ठेवली. पाचही हार्ड-वर्किंग. एक ट्रकमध्ये माती भरायला मदत करायला जायचा, एक ड्रायव्हरांची टायरं बदलून द्यायचा, एक तर फाटक रंगवत बसला. फार कामसू माणसं. पण किती ट्रक गेले हे एकालाही सांगता येईना. मला काम करणारा नको आहे. बसणारा हवा आहे. आणि बघितलं ते सांगणारा.”

त्यांनी सगुणाच्या हातात वही दिली. “आठ दिवस बस. मग बघू.”

सगुण बसला. फाटकाजवळच्या काजूखाली एका खोक्यावर बसला आणि देवीकडे बघावं तसा फाटकाकडे बघत राहिला. पहिल्या दिवशी दुपारी त्याने साहेबांना सांगितलं, की बाहेर गेलेल्या ट्रकांपैकी सतरा ट्रक इतरांच्या दुप्पट वेळाने परत येतात. ट्रकांचे नंबर सांगितले. कुणाला किती वेळ लागला तेही सांगितलं. साहेबांनी जीप पाठवली. जीप फार लांब गेलीच नाही. सतराच्या सतरा ट्रक आमच्या तिठ्यावर, गोकुळदासाच्या दुकानासमोर ओळीने उभे, आणि ड्रायव्हर आत बाकांवर पाय सोडून भजी-पाव खात बसलेले.

दुसऱ्या दिवसापासून तिठ्यावर ट्रक थांबेना. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर गोकुळदासाला लांबूनच हात करून जायला लागले. आठव्या दिवशी सगुणाची नोकरी पक्की झाली, आणि नवव्या दिवशी गोकुळदास माझ्या ओसरीवर आला. घाम निथळतोय, पुसायचं भान नाही. मागे सत्यवती.

“मास्तर! ह्यो कसलो कागद लिवलास तुमी?”

“का? नोकरी मिळाली की नाही? तुझीच अट होती.”

“मेळाली! पण फाटकार कित्याक? माज्या गिरायकांचो ह्यो जावंय काळ जालो मरे! काल एकान चलत्या ट्रकातसून भजी मागल्यान. मी धांवत धांवत दिली. ह्या वयार!”

आतून सुमंगलेचा हसण्याचा आवाज आला. तिने तो खोकल्यात बदलला.

गोकुळदास जवळ सरकला, आवाज उतरवला. “मास्तर, दुसरो कागद लिवा. सायबाक सांगा, हो मनीस लय हार्ड-वर्किंग आसा. हेका फाटकार ठेवप म्हणजे अन्याव. हेका भितर मोठ्या जाग्यार न्हेयात. ऑफिसात. वयर डोंगरार. खंय पण.”

“असं कसं लिहू? तू चौकातून उठून गेलास त्यानंतर देवीने डावा दिला.”

“ती परत विचारल्यार उजवो दीत!”

“विचार. नऊ वाजता येऊन बस. पण या खेपेला शेवटपर्यंत बसावं लागेल.”

चार तास दुकान बंद ठेवून कळीकडे बघत बसायचं हे गोकुळदासाने मनात मांडून बघितलं असावं, कारण त्याच्या कपाळावरची शीर हलली. मग एकदम त्याचा चेहरा उजळला.

“मास्तर, खाणीर लग्नाक रजा मेळता?”

“मिळते.”

“किती?”

“पंधरा दिवस, असं ऐकलंय.”

“पंधरा दीस फाटकार दुसरो मनीस?”

“दुसराच असणार.”

“आणि तो हार्ड-वर्किंग आसात?”

“मी लिहून देतो,” मी म्हणालो. “शांतेचा घोव मोकळाच आहे.”

गोकुळदास ताडकन उठला. “सत्यवती, भटाकडे जा. पयलो सांपडात तो मुहूर्त. ह्याच म्हयन्यात. म्हापशेकरांका मी कळयतंय.”

सत्यवतीने ओठ दाबून धरले होते. लाजत होती की हसत होती, दोन्हीही असेल. पायरी उतरता उतरता ती अगदी गरीब आवाजात म्हणाली, “बाबा, रजेत सगुण घरा बसान कंटाळतलो. तेका आमच्या दुकानार बसोवया काय? कोण कितें खाता, कोण कितें न्हेता, सगळां टिपून ठेवतलो.”

“नको!” गोकुळदास असा ओरडला, की तुळशीपाशी टिपणारी कोंबडी उडाली. “तेका शिरगावाक न्हे, म्हापशाक न्हे, खंय व्हरूंक जाय थंय व्हर! पण गे चेडवा, तेका दुकानाकडे हाडू नको!”